पोपटी सायकलींचा दसरा

३१ जुलै

आज पदभार स्वीकारला. म्हणजे स्टेशनसमोर ट्रकमधून सायकली उतरवून घेतल्या आणि हमालांबरोबर चहा प्यायलो. नियुक्तीपत्रावर ‘विभागीय समन्वयक’ लिहिलंय. विभागात मी एकटाच असल्यामुळे समन्वय उत्तम आहे.

सायकली पोपटी आहेत. कुठल्याशा मोठ्या शहरात ही स्कीम बसली, म्हणून त्या आमच्याकडे आल्या. मोठ्या घरच्या लेकरांचे कपडे आपल्याला येतात तसंच. एकीच्या बास्केटमध्ये अजून तिकडच्या मॉलची पावती होती. वापरायची रीत सोपी आहे. हँडलच्या बरोबर मधोमध एक चौकोनी पाटी आहे, तिच्यावर क्यूआर कोड. तो मोबाइलनं स्कॅन केला की कुलूप उघडतं. हवं तिथं जायचं आणि जवळच्या स्टँडवर लावून टाकायची.

हेड ऑफिसचे आदिनाथ सर व्हिडिओ कॉलवर होते. म्हणाले, “नागेश, दिवाळीपर्यंत फेऱ्या दिसल्या पाहिजेत. दिसल्या तर स्कीम राहील, तुम्हीही राहाल.” नाही दिसल्या तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही, पण मला तेवढं कळतं.

घरी अण्णांना सांगितलं. अण्णा निवृत्त मास्तर. उभी नोकरी झरीच्या शाळेवर केली आणि त्यातली निम्मी वर्षं परभणीहून सायकलनं ये-जा केली. “ज्या दिशी मी स्कूटर घेतली, त्या दिशी गल्लीत पेढे वाटले होते,” ते म्हणाले. “तुला एवढं शिकवलं ते परत सायकलवर बसायला व्हय?”

“मी नाही बसणार अण्णा, लोकांना बसवणार.”

“मंग तर लयच चांगलं,” म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

६ ऑगस्ट

कुणी बसत नाही. लोक येतात, घंटी वाजवतात, टायर दाबून बघतात, सेल्फी काढतात आणि रिक्षानं जातात.

शेवटी म्हटलं आपणच चालवून दाखवू. स्टेशनवरून निघालो. बसस्टँडपर्यंत तीन ओळखीच्यांनी गाडी थांबवली. पहिला म्हणाला, “गाडी फायनान्सवाल्यानं वढून नेली का?” दुसऱ्यानं काही न विचारता नुसतंच “बस मागं” म्हटलं. तिसरा आमचा लांबचा मामा. तो काहीच बोलला नाही, पण मी घरी पोचायच्या आत त्याचा आईला फोन येऊन गेला होता. “पोराचं काही टेन्शन हाय का?” म्हणून.

परभणीत बाप्या माणूस सायकलवर दिसला की त्याचं काहीतरी बुडालंय असं धरून चालतात. हे हेड ऑफिसच्या सर्व्हेत नव्हतं.

दुरुस्तीचं काम खय्यूमभाईंना दिलंय. शनिवार बाजाराजवळ त्यांचं दुकान आहे. त्यांनी सायकल उलटी केली, पेडल फिरवलं आणि हसले. “नागेशभाय, ही स्कीम आमच्या अब्बांची हाय. तासावर सायकल द्यायचे. ॲप नव्हतं, तोंड बघून द्यायचे.”

मी म्हटलं, “आणि परत नाही आणली तर?”

“तर अब्बा तोंड दाखवायला त्याच्या घरी जायचे.”

१७ ऑगस्ट

फेऱ्या सुरू झाल्या! आदिनाथ सर खूश आहेत. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे एक सायकल तर रोज सकाळी बराच वेळ वापरली जाते, फक्त वेग कमी आहे. म्हणाले, “बहुतेक ज्येष्ठ नागरिक असावेत, त्यांची मुलाखत घ्या.”

मुलाखत घ्यायला गेलो. पार्वतीबाई निघाल्या. भाजी विकतात. सुनेच्या मोबाइलवरून कुलूप उघडून घेतात, मेथीची गाठोडी कॅरियरला बांधतात, वांग्याची थैली हँडलला, आणि सायकल हातानं ढकलत मोंढ्याच्या बाजारापासून कॉलनीपर्यंत नेतात.

“मावशी, ही बसून चालवायची असते.”

“मला कुठं येती? पण वज्जं तर उचलती की लेकरा. डोक्यावरून नेऊन नेऊन मान गेली माझी.”

सरांना कळवलं, ‘ज्येष्ठ नागरिक समाधानी आहेत.’

एक तक्रारदार मात्र लागलाय मागं. ॲपवर नाव ‘पॅसेंजर’. पहिली तक्रार: ‘स्टेशनच्या स्टँडवरच्या सायकलींच्या घंट्या वाजत नाहीत.’ दुसरी: ‘सीट एवढं वर कुणासाठी ठेवता? उंटासाठी?’ मी लिहिलं, ‘आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.’ उलट उत्तर: ‘नोंद नको, पाना घ्या.’

२८ ऑगस्ट

रात्री सायकली स्टँडवर नसतात. नकाशावर त्यांचे ठिपके लोकांच्या घरांत दिसतात. हेड ऑफिसनं ‘संशयित चोरी’ असा मेल पाठवला आणि मला घरोघर पिटाळलं.

पार्वतीबाईंच्या पुढच्या खोलीत सायकल उभी होती, तिच्यावर जुनं लुगडं पांघरलेलं. “पावसात ठिवू व्हय तिला? परक्याची वस्तू हाय, गंजली तर कोण म्हनंल?” पुढच्या घरात सायकल चटईवर उभी केलेली, टायरचा चिखल पुसून. तिसरीकडं मला चहा मिळाला आणि वरून ऐकावं लागलं की, “तुमी लोक अशी रस्त्यावर टाकता कामून? लेकरावानी जपावं लागतं.”

स्टँडवर सोडायची आणि निघून जायचं, हे लोकांना निष्काळजीपणाचं वाटतं. मी सरांना समजावून सांगायला बघितलं. सर म्हणाले, “नागेश, दिस इज होर्डिंग. साठेबाजी.” मी म्हटलं, “नाही सर, पाहुणचार आहे.” रेंज गेल्याचं दाखवून मीच फोन ठेवला.

८ सप्टेंबर

आज चुडाव्याला मुलगी बघायला गेलो. तिनंही मला बघितलं, असं लिहिलं पाहिजे, कारण जास्त वेळ तीच बघत होती.

नाव बबिता. परभणीत एका खासगी दवाखान्यात नर्स आहे. रोज सकाळच्या गाडीनं येते, संध्याकाळच्या गाडीनं जाते. मोठा भाऊ धम्मानंद रेल्वेत आहे. वडील नाहीत, त्यामुळे घरचा मोठा तोच. बुद्धवंदना झाली, पोहे आले आणि त्यानं सरळ विचारलं, “नोकरी पर्मनंट हाय का?”

मी तोंड उघडेपर्यंत अण्णा म्हणाले, “पर्मनंटच.”

मी गप्प बसलो. अण्णांनी आयुष्यात फळ्यावर सुद्धा चूक लिहिली नसेल, आणि आज माझ्यासाठी डोळ्यांत डोळे घालून ठोकून दिलं. त्यांना तिथं खोटं पाडणं मला जमलं नाही. परत येताना मोटारसायकल मी चालवत होतो. पूर्णा आलं तेव्हा अण्णा मागून म्हणाले, “दिवाळीनंतर होईलच की पर्मनंट.”

बबितानं एकच प्रश्न विचारला, “तुमी सोता कधी सायकल चालवून बघता का?” सगळे हसले. मीही हसलो, पण टोचलं. परभणीत काय, चुडाव्यात काय, लोकांना सायकलवाला म्हटलं की टिंगलच सुचते. तरी मुलगी मनात भरली. खोटं कशाला लिहू, फारच भरली.

२० सप्टेंबर

फेऱ्या धो धो वाढल्यात. दवाखान्यातल्या पोरी, कृषी विद्यापीठातले विद्यार्थी, कोर्टातले दोन कारकून, कोचिंगचे सर. एका नगरसेवकाच्या भावानंही चालवली. मग ‘बुडाला का?’ हा प्रश्न हळूहळू बंद झाला, कारण सगळेच एकदम बुडणार कसे?

धम्मानंदचा फोन आला. त्यांच्याकडून होकार आहे. साखरपुड्याची तारीख दिवाळीनंतर धरू म्हणाला. म्हणजे आता दोन्ही गोष्टी दिवाळीवर टांगल्यात. नोकरी टिकली तर अण्णांचं बोलणं आपोआप खरं होईल आणि मला कुणाला काही सांगावं लागणार नाही.

फक्त खय्यूमभाई डोक्याला ताप झालेत. आपल्या सायकली दोन-दोन दिवस पडून राहतात. आज भांडायला गेलो तर दुकानासमोर माळ्यावरून काढलेल्या जुनाट सायकलींची रांग. कुणाला चेन पाहिजे, कुणाला टायर-ट्यूब. एकीच्या सीटमध्ये तर उंदराचं घर निघालं. म्हटलं, “आधी स्कीमचं काम करा.”

“करतो ना भाय. पण लोकांना काय झालंय, अचानक सगळ्यांच्या सायकली निघायल्यात.”

“असतं एकेका महिन्याचं,” मी म्हटलं.

‘पॅसेंजर’ची आजची तक्रार: ‘मागच्या चाकाला जाळी नाही. ओढणी अडकते. बायका चालवतात हे तुमच्या हेड ऑफिसला माहीत आहे का?’ तेव्हा बाई आहे तर. मी उगाच इतके दिवस एखादा रिटायर्ड इंजिनिअर समजत होतो. जाळ्या बसवून घेतल्या. ‘धन्यवाद’ आला. पहिल्यांदाच.

१२ ऑक्टोबर, दसरा

सकाळपासून विहारात होतो. धम्मचक्र प्रवर्तन दिन, माइकची जबाबदारी माझ्याकडे. फोन बंद ठेवला होता. दिवसभर बरं वाटलं.

संध्याकाळी चालू केला तर आदिनाथ सरांचे कॉलवर कॉल. सकाळी दहानंतर अख्ख्या शहरात एकही फेरी नाही. मी धावत स्टेशनवर गेलो.

सगळ्या सायकलींना झेंडूचे हार. पुढच्या चाकाखाली लिंबू. बास्केटमध्ये आपट्याची पानं. लोकांनी आपापल्या मोटारसायकली, ट्रॅक्टर, शिलाई मशिनी पुजल्या, तेव्हा या सायकलींना तरी कसं विसरायचं? आणि पूजा म्हटली की कपाळ आलं. सायकलीचं कपाळ कुठं, तर हँडलच्या मधोमध. प्रत्येक क्यूआर कोडवर हळद, त्यावर कुंकू, त्यावर अक्षता. काहींनी टिकावं म्हणून तेलात कालवून लावलंय. बसस्टँडवर तसंच, गांधी पार्कला तसंच. एकही सुटली नाही. एकाच सायकलीला तीन-तीन घरांनी पुजलंय.

मोबाइल कोडसमोर धरला. मोबाइल म्हणतो, ‘कृपया वैध वस्तू दाखवा.’

स्टँडवर एक आजोबा नमस्कार करत होते. मला म्हणाले, “तुमी आला न्हाईत म्हणून आमीच केली बगा पूजा.” आणि हातावर पेढा ठेवला. मी तो खाल्ला. दुसरं काय करणार होतो?

१५ ऑक्टोबर

कुंकू निघत नाही. साबण झाला, लिंबू झालं, शेवटी रॉकेलनं घासलं. कुंकवाबरोबर कोडही गेला. आता पाटी कोरी आणि गुलाबी आहे.

प्रत्येक सायकलीचा कोड वेगळा असतो, नवीन हेड ऑफिसहूनच छापून येणार. कधी? सर म्हणाले, “आधी हे सांगा, हे व्हँडलिझम कुणी केलं?”

“सर, व्हँडलिझम नाही, पूजा केली.”

“कुणी?”

“परभणीनं.”

त्यानंतर त्यांनी व्हिडिओ बंद करून नुसत्या आवाजावर बोलायला सुरुवात केली.

२४ ऑक्टोबर

फेऱ्या शून्य. आलेख इतका सपाट आहे की त्यावर पत्ते खेळावेत. मी दिवसभर स्टँडवर बसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ‘आठवड्यात सुरू होईल’ सांगतो. लोक ‘बरं बरं’ म्हणून टिंग टिंग करत निघून जातात. वर रस्त्यात इतक्या सायकली झाल्यात की आज स्टेशनच्या वळणावर मला मोटारसायकल दोनदा थांबवावी लागली. आपली स्कीम मरायला टेकलीय आणि यांना सायकली सुचतायत. कोर्टाचा एक कारकून तर नवी कोरी घेऊन मला दाखवायला आला. मी अभिनंदन केलं, पण मनातून चिडलो.

पार्वतीबाईंनी खय्यूमभाईंकडून जुनी सायकल घेतली. वर सूनबाई चालवायला शिकवायलीय म्हणे. म्हणजे आमची एकमेव ज्येष्ठ नागरिक पण गेली.

‘पॅसेंजर’चा आज शेवटचा मेसेज आला. ‘मी स्वतःची घेतली. तुमच्या सायकलीनं सवय लावली, आता चालत जाववत नाही. घंटी वाजते हिची. तक्रार संपली.’

मी बराच वेळ उत्तर लिहीत-खोडत बसलो. शेवटी ‘आभारी आहे’ एवढंच पाठवलं. कोण कुठली बाई, पण आज कुणीच भांडायला उरलं नाही असं वाटलं आणि फार एकटं वाटलं.

२८ ऑक्टोबर

सरांचा निर्णय आला. परभणी बंद. त्यांच्या अहवालातलं वाक्य: ‘शहरात सायकल वापरण्याची मानसिकता नाही.’ सायकली ट्रकनं दुसऱ्या कुठल्यातरी गावाला जाणार. माझी नोकरी ट्रकबरोबरच संपते.

अण्णांना सांगितलं. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, पुन्हा उघडली. “चुडाव्याला आत्ताच काही बोलू नको. लग्नापर्यंत कुठंतरी चिकटशील. मंग सांगू.”

ते माझ्या भल्याचं बोलत होते. मी ‘हो’ म्हटलं. रात्री धम्मानंदचा नंबर काढला आणि फोन तसाच खिशात ठेवला.

५ नोव्हेंबर

ट्रक सकाळीच भरला. हमालांनी सायकली एकावर एक टाकल्या. काहींच्या हँडलला अजून वाळलेला झेंडू होता. मी एकाला म्हटलं, “हळू रे.” तो म्हणाला, “भंगारच हाय की साहेब.” मला त्याला मारावंसं वाटलं. सायकलीसाठी मी कुणाला मारायला उठेन, असं जुलैत कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

सरांनी शेवटचं काम दिलं होतं: रिकाम्या स्टँडचे फोटो, फाईल बंद करायला. ट्रक गेला, मी मोबाइल काढला आणि तेवढ्यात एकानं आपली सायकल स्टँडला लावली. म्हटलं, “भाऊ, फोटो काढायचाय, काढा ती.” तो काढतोय तोवर पलीकडं दोन लागल्या. त्यांना हुसकावलं तर गाडी आली आणि गाडीतून उतरणारे-चढणारे सगळे एकदम तुटून पडले. एक नवी कोरी तर सकाळपासूनच कोपऱ्यात होती. सीट अगदी खाली, मागच्या चाकाला जाळी, हँडलला दवाखान्याची पिशवी, साखळीनं खांबाला बांधलेली. ती काही हलेना. पार्वतीबाई मेथीसकट आल्या. “जागा मोकळी झाली म्हणून लावली, चालतंय न्हवं?”

शेवटी कंटाळलो आणि तसाच फोटो काढून पाठवला.

सरांचा लगेच मेसेज: ‘या सायकली का उचलल्या नाहीत?’

मी लिहिलं: ‘या आपल्या नाहीत. लोकांच्या आहेत.’

पाठवल्यावर मी ते वाक्य परत वाचलं. मग मान वर करून स्टँडकडं बघितलं. गच्च भरला होता. एकही पोपटी नाही. एकावर एक टेकलेल्या, काळ्या, लाल, गंजक्या, माळ्यावरच्या, हप्त्यावरच्या.

मायला.

मी तिथंच कठड्यावर बसलो. दीड महिना ज्यांच्यावर चिडत होतो, त्या सगळ्यांना आम्हीच सायकलवर बसवलं होतं. स्कीम चालली होती. इतकी चालली की तिला आमची गरजच उरली नाही. हे अहवालात कुठल्या रकान्यात भरायचं, ते मला माहीत नाही. सरांना फोन लावला. त्यांनी उचलला नाही. पण हसू आलं, आणि मग बराच वेळ थांबेना.

१० नोव्हेंबर

आज रविवार. सकाळच्या गाडीनं एकटाच चुडाव्याला गेलो. अण्णांना सांगून निघालो. ते ‘जाऊ नको’ म्हणाले, पण दाराशी येऊन उभे राहिले.

धम्मानंद अंगणात दाढी करत होता. अर्धा गाल साबणाचा. मी बसायच्या आधीच सांगून टाकलं, “नोकरी गेली. पर्मनंट कधीच नव्हती. त्या दिवशी मी गप्प बसलो.”

त्यानं वस्तरा खाली ठेवला. “मास्तर तर म्हणले होते…”

“अण्णांनी माझ्यासाठी म्हटलं. चूक माझी धरा.”

साबण गालावर वाळत होता. आतून बबिता पोहे घेऊन आली, बशी माझ्या हातात दिली आणि भावाला म्हणाली, “मला ठाऊक होतं.”

“कसं काय?”

“ट्रक भरायले होते तवा मी परभणी स्टेशनवरच, माझ्या सायकलीपाशी होते. हे हमालाशी भांडायले होते. मी दवाखान्यात गेले, आले, घरात कुणाला बोलले न्हाई.”

“कामून न्हाई बोललीस?”

“हे सोता सांगायला येतेत का न्हाई, ते बघायचं होतं.”

मी बशी खाली ठेवली. आज मी आलो नसतो तर? एक स्टेशन आधी, पूर्ण्याला, मी खरंच उतरून परत फिरणार होतो.

धम्मानंदनं टॉवेलनं तोंड पुसलं. “ते खरं बोलले, मान्य. पण बबे, घर खरं बोलण्यावर चालतं का? लोक म्हणतील, नवरा बायकोच्या पगारावर बसलाय.”

“दादा, तुझी भरती व्हायच्या आधी हे घर कुणाच्या पगारावर चालायलं होतं? तवा लोक काय म्हणले, ते तुला कुणी सांगितलं का? मला सांगितलं होतं. मी ऐकून घेतलं.”

धम्मानंद उठून आत गेला. आला तेव्हा शर्ट बदललेला होता आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, “पुढच्या रविवारी मास्तरांना घेऊन या. तारीख धरू.”

मी उठलो. निघताना म्हटलं, “दुसरी नोकरी बघतो लगेच. लागली की कळवतो.”

“लागली तर कोण बी कळवंल,” बबिता म्हणाली. “न्हाई लागली तरी असंच येऊन सांगायचं.”